राणीचा दगड, रखमाचे बांगडे

बळवंत मेहेरने आयुष्यात बायकोला आणून दिलेल्या वस्तूंपैकी तिने एकच मनापासून वापरली, आणि ती वस्तू म्हणजे एक दगड होता.

बाकीच्यांची गत काय सांगावी. बोईसरच्या बाजारातून हौसेने आणलेल्या साड्या ट्रंकेत गेल्या. मिक्सर "लय वराडतो" म्हणून पुन्हा खोक्यात गेला. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ बळवंतने मोठ्या थाटात तिच्या हाती ठेवलं, तेव्हा ती म्हणाली, "आता वेळ बघून तुमी काय करनार?" आणि ते शेजारच्या बालवाडीला देऊन टाकलं. दगडाचं मात्र तसं झालं नाही. दगडाला रखमाने दोन्ही हातांनी तोललं, बोटांनी चाचपलं आणि लग्नाच्या चौतीस वर्षांत प्रथमच ती म्हणाली, "बरोबर आनलात."

बळवंतच्या साऱ्या मनस्तापाचं मूळ या दोन शब्दांत आहे.

हा माणूस शिरगावच्या कोळ्याच्या घरात जन्मला, आणि त्याला बोट लागते. किनाऱ्यावरच्या घरात याहून मोठी पंचाईत नाही. बापाने पहिल्यांदा होडीत घातला तेव्हा गावच्या किल्ल्याचा बुरूज नजरेआड व्हायच्या आधीच पोराने सकाळचं सगळं समुद्राला परत केलं. बापाने मुकाट्याने होडी वळवली आणि किनाऱ्यावर येऊन जाहीर केलं, "ह्यो मासे धराला नाय, खायाला जल्मलाय." मग बळवंत आयटीआयला गेला, फिटर झाला, आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पाइपाला पाइप जोडत राहिला. त्या नोकरीने त्याला पेन्शन फारशी दिली नाही, नजर मात्र दिली. दार चौकटीत दोन सूत कमी बसलं तर त्याला जेवण जात नाही. लग्नाच्या मांडवात तो नवरा-नवरीकडे बघत नाही, वाकडा खांब शोधतो.

रखमाचं सगळं उलट. ती मासळीतली. तिचे खारवलेले बांगडे पालघरच्या बाजारात नावाने मागतात. निळ्या पिंपाचा अर्धा कापलेला भाग, त्यात मीठ लावलेल्या बांगड्यांचे थर, त्यावर लाकडी फळी आणि फळीवर दगड. दगड हलका पडला तर पाणी सुटत नाही, एका बाजूला कलला तर अर्धे मासे कडक नि अर्धे लिबलिबीत. तिच्या सासूच्या वेळचा दगड दोन वर्षांपूर्वी उभा चिरला आणि तेव्हापासून तिच्या हाताला यश नव्हतं. किनाऱ्यावरचे काळे दगड गोल, फळीवर लोळायचे. किल्ल्याच्या ढासळलेल्या भिंतीतला एक चिरा बळवंतने मनातल्या मनात मोजूनही ठेवला होता, पण तिथे सरकारी पाटी होती आणि बळवंत पाटी पाळणारा माणूस.

त्यांची मुलगी रुचिता नर्स. ती आयर्लंडला, स्लायगो नावाच्या गावी नोकरीला लागली, आणि गेल्या जूनमध्ये तिने आईबापाला बोलावलं. रखमा म्हणाली, "मी आले तर मासळी काय विमानात खारवू?" म्हणून बळवंत एकटाच गेला. विमानात बोट लागत नाही हा शोध त्याला साठीत लागला.

तिथे एका रविवारी रुचिताने त्याला नॉकनारे नावाच्या डोंगरावर नेलं. पायथ्याशी तिने एक लिंबाएवढा दगड उचलून त्याच्या हातात दिला.

"हा वर न्यायचा, पप्पा."

"कशाला?"

"राणीला. वर राणी मेव्हचं थडगं आहे. जाणारा प्रत्येक जण एक दगड घेऊन जातो."

"वर दगड नाहीत काय?"

"वर दगडांचाच ढीग आहे."

"मग?"

"रिवाज आहे, पप्पा. चला."

एकतीस वर्षं चिठ्ठीशिवाय एक नट इकडचा तिकडे न केलेल्या माणसाला हे पटणं कठीण होतं. जिथे माल भरपूर आहे तिथेच आणखी माल चढवायचा, तोही गुडघे धरून. पण त्याने नेला. वर वारा असा, की टोपी धरावी की पोरगी धरावी कळेना. आणि समोर तो ढीग: करड्या-पांढऱ्या दगडांचा, तीन मजली घराएवढा उंच, कडेने फिरायला बराच वेळ लागेल असा.

वाऱ्याच्या आडोशाला बसून रुचिताने त्याला गोष्ट सांगितली. राणी आणि तिचा नवरा यांच्यात एकदा वाद झाला, माझं जास्त की तुझं जास्त. मोजलं तर सगळं सारखं, फक्त नवऱ्याच्या कळपात एक भला मोठा वळू जास्त. तसाच वळू मिळवायला राणीने उत्तरेकडच्या राज्यावर लढाई काढली. मेली तेव्हा तिला इथे उभीच पुरली, अंगावर चिलखत, हातात भाला, तोंड शत्रूच्या दिशेला.

"उभी?" बळवंत म्हणाला. "तेव्हापासून?"

"लोक सांगतात तसं. खरं तर हा ढीग राणीच्या गोष्टीपेक्षाही जुना आहे म्हणतात, पाच हजार वर्षांचा. कोणी उघडून बघितलेला नाही."

"नवऱ्याने तो बैल देऊन टाकला असता तर मिटलं असतं."

"मग गोष्ट राहिली नसती, पप्पा."

बळवंतला मात्र रखमा आठवत होती. तीही दिवसभर उभीच असते, हातात कोयता, तोंड गिऱ्हाइकाकडे. असं मन बायकोकडे गेलेलं असतानाच त्याची नजर ढिगाच्या पायथ्याशी पडली आणि तिथेच राहिली. एक दगड सुटा पडला होता. वीत आणि चार बोटं लांब, जवळजवळ तेवढाच रुंद, चार बोटं जाड, एक बाजू अशी सपाट की जणू रंधा मारलेली. फळीवर कसा बसेल ते त्याला डोळ्यांसमोर दिसलं. पाटी होती, नाही असं नाही, आणि रुचिताने ती वाचूनही दाखवली होती: ढिगावर चढू नका. बळवंत चढला नाही. रुचिता समुद्राचा फोटो काढत होती तेवढ्यात त्याने खाली वाकून दगड बॅगेत घातला आणि वर रेनकोट ठेवला. एक आणला, एक नेला. त्याच्या हिशोबी अदलाबदल झाली.

अर्धा डोंगर उतरल्यावर रुचिता सहज म्हणाली, "आणि गंमत माहितीय? वर दगड नेला तर भाग्य. पण तिथला खाली आणला तर मोठं वाईट होतं म्हणतात."

बळवंत थांबला. त्याने वर पाहिलं. ढीग ढगात गेला होता.

"काय झालं, पप्पा?"

"गुडघा," बळवंत म्हणाला.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडून विचारलं, "ये क्या है?"

"पत्थर."

"किस लिए?"

"मच्छी के लिए."

त्याने एकदा दगडाकडे, एकदा बळवंतकडे पाहिलं आणि चेन लावून दिली.

त्या हंगामात रखमाचे बांगडे असे उतरले की पालघरची गिऱ्हाइकं शिरगावला घरी यायला लागली. दगड फळीवर बसला तो बसलाच. बळवंतही हळूहळू विसरला. माणसाला विसरायला साताठ महिने पुरतात, विशेषतः घरात जेवण चांगलं मिळत असेल तर.

जानेवारीत व्हिडिओ कॉलवर रखमा लेकीला पिंप दाखवत होती. "ह्ये बघ, कसं पानी सुटलंय."

"आय," रुचिताचा आवाज आला, "तो दगड कुठला?"

"तुज्या पप्पांनी आनला नाय का तुज्याकडनं? डोंगरावरचा."

पडद्यावर रुचिताचा चेहरा एकदम जवळ आला. मग रुचिता म्हणाली, "पप्पांना फोन दे."

मुलीचं म्हणणं थोडक्यात असं होतं. तिला गावोगाव गाडीने जाऊन म्हाताऱ्या माणसांची घरी शुश्रूषा करायच्या जागेवर निवडलं होतं. जागा कायमची, पण लायसन हवं. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा गोल चौकात, दुसऱ्यांदा सरळ रस्त्यावर. तिसरी परीक्षा सोळा फेब्रुवारीला, आणि तेव्हा जमलं नाही तर जागा दुसऱ्या मुलीला.

"मी म्हणत होते, असं होतंय काय माझं. पप्पा, तुम्हाला सांगितलं होतं ना मी उतरताना?"

"होतं."

"मग?"

बळवंतला गुडघ्याचं पुन्हा सांगवेना.

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाहीये," रुचिता म्हणाली, "पण स्टीअरिंगवर बसले की आता मला तो दगडच दिसणार. दगड इथे परत येईपर्यंत मी परीक्षेला बसत नाही." आणि तिने फोन ठेवला.

रखमाला त्याने सांगितलं तेव्हा तिने आधी बांगडे मोजून टोपलीत ठेवले. मग म्हणाली, "नापास ती गाडी नीट नाय चालवत म्हनून झाली. माजा दगड कशाला?"

"तुझा कुठला? राणीचा हाय तो."

"रानी मासे खारवते काय?"

राणी मासे खारवत नव्हती, हे बळवंतला मान्य होतं. पण लेकीची जागा जात होती. त्या दिवशी बळवंतच्या ताटात बांगडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दगड टॉवेलात बांधून बळवंत स्कूटरवरून बोईसरला गेला. कुरियरच्या दुकानात चिराग नावाचा तरुण होता, चटपटीत, बोलायला गोड.

"काय आहे, काका?"

"दगड."

"कसला दगड?"

"साधा."

"साधा दगड आयर्लंडला? तिकडे दगड नाही का?" चिरागने विचारलं. बळवंतला हा प्रश्न ओळखीचा वाटला. सात महिन्यांपूर्वी त्याने तोच विचारला होता.

"तिकडचाच हाय."

"मग इकडे कसा आला?"

"मी आणला. एका राणीच्या थडग्यावरचा हाय. पाच हजार वर्षांचं जुनं."

चिरागने पेन खाली ठेवलं. "काका, मग तर ती पुराण वस्तू झाली. त्याला परवानगीचा कागद लागेल."

"नाय, नाय. दगड साधाच हाय. थडगं जुनं."

"साधा असेल तर पाठवता कशाला? वर विचारतील, आत काय लपवलंय. फॉर्ममध्ये वापर काय लिहू?"

बळवंतने विचार केला. खोटं त्याने एकतीस वर्षांत लॉगबुकातही लिहिलं नव्हतं. "मासे दाबायला," तो म्हणाला.

चिरागने फॉर्म हळूच परत गठ्ठ्यात ठेवला. पालघर स्टेशनजवळच्या दुसऱ्या कुरियरवाल्याने तर दगड हातात घेतला, नाकाशी नेला, आणि दुकानाबाहेरच्या पायरीवर ठेवून मग बोलायला सुरुवात केली.

त्या आठवड्यात स्कूटर दोनदा पंक्चर झाली. झावळी पडून पत्र्याला भोक पडलं. पाहुणे चहाला बसले आणि गॅस संपला. बळवंतचा विश्वास नव्हताच, पण तो मोजायला लागला.

"ह्ये सगळं दगड यायच्या आदी पन होत होतं," रखमा म्हणाली.

"तेव्हा मोजत नव्हतो."

शेवटी वाट निघाली सालवडमधून. कारखान्यातला त्याचा जुना जोडीदार आत्माराम तिथे राहायचा. त्याची मुलगी किंजलही नर्स, आणि ती तीन फेब्रुवारीला डब्लिनला निघणार होती. बळवंतने दगड नेऊन दाखवला. किंजलने टॉवेलाची गाठ सोडली आणि दोन पावलं मागे गेली.

"काका, हा दगड आहे की मासा?"

"दगडच. जरा मुरलाय."

"माझे युनिफॉर्म आहेत बॅगेत. पहिल्या दिवशी पेशंट उठून पळतील. वास काढून द्या, नेते मी. नक्की."

आणि बळवंत कामाला लागला. पहिल्या दिवशी चिंचेने घासला. दुसऱ्या दिवशी चुलीच्या राखेने. मग लिंबू, मग धुण्याचा सोडा, मग फिनेल. फिनेलने वास गेला नाही, फक्त फिनेलात खारवलेल्या बांगड्याचा नवा वास तयार झाला. उन्हात ठेवला तर ऊब लागून वास उमलला आणि गल्लीतल्या तीन मांजरी येऊन दगडाभोवती अशा बसल्या, जणू कीर्तन चालू आहे. बळवंत काठी घेऊन शेजारी. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "बळवंता, काय राखतोस?"

"दगडाला एवढं न्हाऊ घालून लगीन लावायचं हाय काय त्याचं?" रखमा म्हणाली. तिने पिंपावर पाण्याचा कॅन ठेवून बघितला होता. तो कलून पडला होता. ती चिडली होती आणि चिडली की ती भांडी हळू ठेवायची, हे जास्त भयंकर.

किंजल निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बळवंत अंगणात आला. दगड ओट्यावर होता. त्याने सवयीने श्वास रोखून नाक जवळ नेलं. मग श्वास सोडला आणि पुन्हा घेतला.

वास नव्हता.

"रखमा, अगं ये इकडे. गेला."

रखमा दारात आली. "व्हय? बरं झालं."

"सोडा आणि लिंबू. मी म्हटलं नव्हतं? वेळ द्यावा लागतो."

"तुमाला कळतं बाबा," रखमा म्हणाली.

इतकं कौतुक झाल्यावर माणूस दगडाची जाडी बघत नाही. परसात पाण्याचं पिंप एका बाजूला कललेलं त्याला दिसलं, पण ते त्याने अपशकुनांच्या यादीत टाकलं आणि स्कूटरला किक मारली. सालवडला किंजलने दगड हुंगला, हसली आणि युनिफॉर्मच्या मधोमध ठेवला.

दहा दिवसांनी रुचिताचा फोटो आला. तांबड्या नाकाची रुचिता, मागे तो ढीग, आणि ढिगाच्या पायथ्याशी नीट टेकवून ठेवलेला दगड. खाली लिहिलं होतं: राणीला सॉरी म्हटलं. सोळा तारखेला संध्याकाळी फोन आला. पास.

बळवंतने शेजारीपाजारी पेढे वाटले. ज्यांनी ज्यांनी "काय राखतोस" विचारलं होतं त्यांना दोन दोन.

मग एका सकाळी, रखमा बाजाराला गेलेली असताना, तो कललेल्या पिंपाकडे वळला. वाकडी वस्तू घरात किती दिवस ठेवणार. पिंपाखाली तीन बाजूंना विटा होत्या आणि चौथ्या बाजूला मातीत नुसता एक चौकोनी खळगा. तिथे टेकू होता. न्हाणीतली जुनी शहाबादी फरशी फुटली तेव्हा तिचा कोपरा त्यानेच तिथे सरकवला होता. करडी, जुन्या काळची, चार बोटं जाड. वर्षानुवर्षं धुणं आपटून एक बाजू गुळगुळीत. रुचिताचा शाळेचा गणवेश त्याच फरशीवर धुतला जायचा.

बळवंतने खळग्याला वीत लावली. वीत आणि चार बोटं.

तो उठला, मासळीच्या पडवीत गेला आणि कोपऱ्यातल्या पिंपावरचं गोणपाट उचललं. फळीवर राणीचा दगड बसला होता, अगदी समपातळीत. खालून पाणी छान सुटलं होतं.

रखमा परतली तेव्हा तो तिथेच उभा होता. तिने टोपली खाली ठेवली.

"बगितलात?"

"रखमा, तू राणीला न्हाणीतली फरशी पाठवलीस?"

"घासून दिली चांगली. तुमच्यासारखं फिनेल नाय लावलं."

"अगं, पोरगी सॉरी म्हणून आली त्याच्यापुढं."

"मग? रिवाज काय हाय? वर दगड न्यायाचा. नेला की. तुमी येक नेलात, तिनं येक नेला. रानीकडं दोन गेले, आमच्याकडं येक आला. तिचं काय कमी झालं?"

"आणि नापास झाली असती तर?"

"तर ह्यो धाडला असता," रखमा म्हणाली. तिला त्यात काही अवघड दिसत नव्हतं.

"मी तिला सांगणार."

"सांगा. पुढल्या सोमवारी ती नव्या कामाला गाडी घेऊन निगनार हाय. सांगा आदी."

बळवंतने हातातलं गोणपाट खाली ठेवलं. रखमाने फळीवरचा दगड उगाच हाताने पुसला. "चवतीस वर्सांत तुमी येकच वस्तू कामाची आनलीत," ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "ती पन परत द्याची म्हनता."

यावर फिटरच्या एकतीस वर्षांत शिकलेलं काहीच कामाला येईना. तो चिडला होता. स्वतःवर, रखमावर, त्या बैलावर, डोंगरावर. आणि नेमका तेव्हा फोन वाजला. रखमाने बटण दाबलं, पडद्यावर रुचिता आली, मागे गाडीचं सीट.

"आय, बघ, माझी गाडी. सेकंडहँड आहे, पण मस्त. पप्पा कुठायत? आणि बांगड्यांचं काय केलंस गं? मला वाईट वाटतं, तुझा दगड गेला माझ्यापायी. आता काय ठेवतेस वर? दाखव बघू."

रखमाने फोन वळवायला घेतला. वळताना तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं.

लॉगबुकात कधी खोटं न लिहिलेला बळवंत मेहेर एका पावलात पुढे झाला आणि पिंपावर बसला. दगडावर, बरोबर मध्यभागी. गोणपाट मांडीवर ओढून घेतलं.

"ह्ये बघ," रखमा म्हणाली, "आता तुजे पप्पाच बसतात."

रुचिता इतकी हसली की गाडीचा हॉर्न वाजला. "पप्पा, रोज?"

"रोज," बळवंत म्हणाला. "दोन-दोन तास. तू आधी सीटबेल्ट लाव."

"गाडी उभी आहे, पप्पा."

"तरी लाव."

ती मग गाडीचं एकेक दाखवायला लागली: आरसे, वायपर, मागची डिकी. त्याच्या भाराने फळी जरा खचली, खारट पाणी वर आलं आणि बळवंतच्या पँटमध्ये हळूहळू चढायला लागलं. तो हलला नाही. पाठ ताठ, तोंड फोनकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर, असा तो डिकी संपेपर्यंत बसून राहिला.